माध्यम आणि समाज : शिल्पकार वि. पां. करमरकर यांच्या कलाजीवनाचा अभ्यास

प्रास्ताविक

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव तेथील बारवांमुळे स्थापत्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यांपैकी एका बारवेच्या पायऱ्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत उतरतात. अलीकडच्या काळात ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन गाळ व कचरा उपसला आणि ही रचना पुन्हा डोळ्यांसमोर आली. बारव आज सर्वांना ठाऊक आहे. तिचा दगड ज्यांनी घडविला त्या पाथरवटांची नावे मात्र लोकस्मृतीत उरलेली नाहीत. मराठवाड्यातील बहुतेक प्राचीन शिल्पवैभवाची हीच कथा आहे. तेथे घडविणारा हात एकट्याचा नसे. आश्रयदाता, सूत्रधार, पाथरवट, मजूर आणि त्या वास्तूचा वापर करणारे गाव अशा अनेकांच्या सहभागातून काम उभे राही.

आधुनिक काळात चित्र बदलले. कलाशाळा निघाल्या, प्रदर्शने भरू लागली आणि शिल्पाखाली शिल्पकाराचे नाव येऊ लागले. त्यामुळे आधुनिक शिल्पकार हा एकटा प्रतिभावंत असतो आणि त्याची निर्मिती केवळ त्याचीच असते, असा समज रूढ झाला. हा समज कितपत खरा आहे? प्रस्तुत लेखात महाराष्ट्राचे ख्यातनाम शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या कलाजीवनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. करमरकरांनी माती, प्लॅस्टर, ब्राँझ आणि सिमेंट ही माध्यमे हाताळली. यांतील प्रत्येक माध्यमाला निराळ्या माणसांची, निराळ्या संस्थांची आणि निराळ्या आश्रयाची गरज असते. म्हणून शिल्पकाराने माध्यम बदलले म्हणजे त्याच्याभोवतीचा समाजही बदलतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मुंबईतील शिल्पशिक्षणाची पार्श्वभूमी

मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग तेथे अध्यापक म्हणून आले. वास्तुशिल्पाच्या शिक्षणाला त्यांच्या काळात चालना मिळाली. त्या काळी मुंबईत गॉथिक शैलीतील सार्वजनिक इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या शिल्पांकनासाठी कुशल हात हवे होते. व्हिक्टोरिया टर्मिनस या स्थानकाच्या अलंकरणात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. म्हणजेच आरंभी शिल्पकलेचा विद्यार्थी हा प्रामुख्याने इमारतीचा अलंकारक होता.

या चौकटीबाहेर पडण्याचे श्रेय गणपतराव म्हात्रे (१८७६–१९४७) यांच्याकडे जाते. विद्यार्थिदशेतच त्यांनी घडविलेल्या ‘मंदिरपथगामिनी’ या प्लॅस्टरमधील शिल्पाने १८९६ च्या सुमारास रसिकांचे लक्ष वेधून घेतले. पाश्चात्त्य वास्तववादी तंत्र आणि मराठी स्त्रीचे सोज्ज्वळ रूप यांचा मेळ त्यात होता. त्यांच्यानंतर रघुनाथ कृष्ण फडके आणि बाळाजी वसंत तालीम यांच्यासारखे शिल्पकार पुढे आले. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा फडके यांचा, तर शिर्डीच्या समाधी मंदिरातील साईबाबांची संगमरवरी मूर्ती तालीम यांची. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांनी या पिढीला व्यासपीठ दिले. शाळा, सोसायटी आणि पुतळ्यांची मागणी करणारी संस्थाने व नगरपालिका या तिन्हींचे मिळून एक कलाविश्व तयार झाले होते. करमरकर या विश्वात आले ते एका किनारी खेड्यातून.

सासवणे ते मुंबई

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबागनजीक सासवणे या गावी झाला. त्या वेळी हा भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. आज तो रायगड जिल्हा होय. घरची शेती होती आणि गणपतीच्या मूर्ती करण्याची परंपराही होती. मातीशी त्यांचा परिचय असा घरातच झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गणेशमूर्ती ही विसर्जनासाठीच घडविली जाते. तिच्या कर्त्याला टिकाऊपणाची अपेक्षा नसते आणि मूर्तीखाली नाव कोरण्याची प्रथाही नसते. दरवर्षी तीच आकृती, तीच मुद्रा आणि तरीही प्रत्येक मूर्तीत हाताचा वेगळा स्पर्श, हा या परंपरेचा संस्कार होय. मानवी आकृतीचा तोल, बैठक आणि चेहऱ्यावरील भाव यांची जाण मूर्तिकाराच्या घरातील मुलाला पुस्तकाविनाच होत जाते.

गावातील मंदिराच्या भिंतीवर तरुण करमरकरांनी अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस ते पडले. त्यांनी या मुलातील गुण ओळखून त्याला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेता यावे यासाठी साहाय्य केले. तेथे करमरकरांनी आपल्या कर्तृत्वाने मानाचे लॉर्ड मेयो पदक मिळविले.

हा प्रसंग अनेकदा योगायोग म्हणून सांगितला जातो. मात्र त्याकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. गावात मंदिराची भिंत उपलब्ध होती, त्या भिंतीवर एका मुलाला चित्र काढू दिले गेले आणि ते पुसले गेले नाही, या गोष्टी अधिकाऱ्याच्या भेटीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. प्रशासकीय अधिकाऱ्याची गुणग्राहकता फळास आली, कारण तिच्यापूर्वी गावाची सहिष्णुता तेथे होती.

कलाशाळेत मातीची जागा प्लॅस्टरने घेतली. प्लॅस्टर हे अभ्यासाचे माध्यम. मातीत घडविलेल्या आकृतीवर प्लॅस्टरचा साचा चढवायचा, माती काढून घ्यायची आणि त्या पोकळीत पुन्हा प्लॅस्टर ओतून कायम स्वरूपाची प्रत मिळवायची, अशी ही पद्धत आहे. अशी प्रत प्रदर्शनात मांडता येते, परीक्षकांना दाखविता येते, ग्राहकाला नमुना म्हणून देता येते. घरच्या गणेशमूर्तीला भक्त लागतो; प्लॅस्टरच्या प्रतीला परीक्षक आणि प्रेक्षक लागतो. माध्यमाबरोबर समाज बदलण्याचा हा पहिला टप्पा होय.

कोलकाता आणि लंडन

शिक्षणानंतर करमरकरांच्या जीवनात दुसरे महत्त्वाचे वळण आले ते सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्यामुळे. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांचे वडील सत्येंद्रनाथ ठाकूर यांनी भारतीय सनदी सेवेत असताना मुंबई इलाख्यात दीर्घकाळ काम केले होते आणि त्यामुळे या कुटुंबाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध होता. सुरेंद्रनाथांच्या प्रोत्साहनाने करमरकर १९१६ मध्ये कोलकात्यास गेले आणि तेथे त्यांनी व्यवसायाचा जम बसविला.

त्या काळचे कोलकाता हे अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या बंगाल संप्रदायाचे केंद्र होते. पाश्चात्त्य वास्तववाद नाकारून भारतीय परंपरेतून नवी शैली शोधण्याचा प्रयत्न तेथे चालू होता. मुंबईच्या शाळेचा कल याच्या नेमका उलट होता. अशा वातावरणात राहूनही करमरकरांनी वास्तववादी घडण सोडली नाही. याचे एक कारण शिल्पाच्या स्वरूपातच आहे. व्यक्तिशिल्पाची मागणी करणाऱ्याला साम्य हवे असते आणि साम्यासाठी शरीररचनेचा अभ्यास अटळ असतो. तथापि कोलकात्याच्या वास्तव्याने त्यांना प्रांताबाहेरचा आश्रय दिला. मराठी शिल्पकाराचे कार्यक्षेत्र मराठी मुलखापुरते मर्यादित असण्याचे कारण नाही, ही जाणीव या काळाची देणगी मानावी लागेल.

१९२० मध्ये ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांनी पुढील अध्ययन केले. युरोपातील वास्तव्यात त्यांना मोठ्या प्रमाणावरील ब्राँझ शिल्पांचा जवळून परिचय झाला. परतल्यानंतर काही काळ कोलकाता आणि पुढे मुंबई असा त्यांचा प्रवास झाला.

पुण्याचा अश्वारूढ पुतळा : ब्राँझ आणि त्याचा समाज

करमरकरांच्या कीर्तीचा मुख्य आधार म्हणजे पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने या स्मारकाची कल्पना साकार होऊ लागली. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढील वर्षी शाहू महाराजांचे निधन झाले. स्मारकाचे दुसरे आधारस्तंभ ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे १९२५ मध्ये निवर्तले. त्यानंतर कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या काळात हे कार्य तडीस गेले. करमरकरांनी घडविलेल्या पुतळ्याचे अनावरण १६ जून १९२८ रोजी झाले. आज तो श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. त्याची उंची सुमारे साडेतेरा फूट, तर वजन सुमारे आठ टन सांगितले जाते.

हा पुतळा कसा घडला हे समजण्यासाठी ब्राँझच्या ओतकामाची प्रक्रिया थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. प्रथम लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पूर्ण आकाराची मातीची आकृती घडवितात. तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतात. या साच्याच्या आधारे, आत गाभा आणि बाहेर साचा अशी रचना करून, दोहोंमध्ये हव्या त्या जाडीइतकी पोकळी राखली जाते. तांबे व कथील यांचा वितळलेला रस या पोकळीत ओततात. रस सर्वत्र पोहोचावा म्हणून वाहिन्या आणि अडकलेली हवा बाहेर पडावी म्हणून छिद्रे ठेवावी लागतात. धातू थंड होताना आकुंचन पावतो. त्यामुळे एखादा भाग आधी गोठला तर भेग पडते. ओतकाम झाल्यावर छिन्नीने सफाई आणि शेवटी झिलई करतात. मोठे पुतळे यामुळेच बहुधा तुकड्यांत ओतून मग जोडले जातात. अश्वारूढ पुतळ्यात आणखी एक अडचण असते. घोडा आणि स्वार यांचे सर्व वजन घोड्याच्या सडपातळ पायांवर येते, म्हणून कलेच्या दृष्टीने योग्य वाटणारी मुद्रा गुरुत्वमध्याच्या हिशेबातही बसवावी लागते.

पुण्याच्या पुतळ्याचे ओतकाम मुंबईत माझगावच्या गोदीत झाले. ही वस्तुस्थिती अत्यंत बोलकी आहे. एवढ्या प्रमाणाचे काम कलावंताच्या स्टुडिओत होणे शक्य नव्हते. जहाजबांधणीसाठी असलेल्या भट्ट्या, यारी आणि जड धातू हाताळण्याची सवय असलेले कामगार यांचे साहाय्य अपरिहार्य होते. तयार पुतळा रेल्वेने घाट चढवून पुण्यास आणण्यात आला. म्हणजे या शिल्पाच्या निर्मितीत संस्थानिकांचा खजिना, गोदीतील कामगारांचे कौशल्य आणि रेल्वेची यंत्रणा या सर्वांचा सहभाग होता. पुतळ्याचे कर्ते म्हणून करमरकरांचेच नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे, कारण त्या घोड्याची चाल आणि स्वाराची मुद्रा त्यांच्या दृष्टीतून आली. परंतु ती दृष्टी धातूत उतरविणारे हात वालूरच्या पाथरवटांप्रमाणेच इतिहासाला अज्ञात राहिले. नाव कोरण्याची आधुनिक प्रथा सामूहिक श्रम नाहीसे करीत नाही. ती फक्त त्यांना दृष्टिआड करते.

बालपणी मंदिराच्या भिंतीवर काढलेला अश्वारूढ शिवाजी आणि पुण्याचा हा पुतळा यांमध्ये विषयाचे सातत्य आहे. पहिल्यासाठी एक भिंत पुरेशी होती. दुसऱ्यासाठी एक औद्योगिक शहर लागले.

कलासंस्थांचे विश्व

मुंबईत स्थिरावल्यानंतर करमरकर येथील कलाजगताचे मान्यवर घटक झाले. त्यांच्या ‘शंखध्वनी’ या शिल्पास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक प्राप्त झाले. स्मारकशिल्पात शिल्पकाराला समितीची अपेक्षा, ऐतिहासिक वेशभूषा आणि लोकभावना यांचे बंधन असते. प्रदर्शनासाठी केलेल्या शिल्पात तो तुलनेने मुक्त असतो. म्हणून करमरकरांच्या कामाचे मूल्यमापन केवळ पुतळ्यांवरून करणे अपुरे ठरते.

या काळात कलाजगतातील वारेही बदलत होते. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांमध्ये सदानंद बाकरे हे एकमेव शिल्पकार होते. पुढे आदी दावियेरवाला आणि पिलू पोचखानवाला यांनी अमूर्त रचनांकडे वाटचाल केली. नव्या समीक्षेला वास्तववादी व्यक्तिशिल्प जुनाट वाटू लागले. दुसऱ्या बाजूस, शासन आणि समाज यांच्याकडून पुतळ्यांची मागणी मात्र वाढतच गेली. परिणामी वास्तववादी शिल्पकार लोकप्रिय असूनही कलाचर्चेच्या परिघाबाहेर ढकलले गेले. करमरकरांना १९६२ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. तरी त्यांच्या कार्याची गंभीर चर्चा त्यांच्या योग्यतेच्या मानाने कमीच झाली.

सासवणे : सिमेंट आणि गाव

करमरकरांच्या कलाजीवनातील सर्वांत दुर्लक्षित आणि कदाचित सर्वांत मौलिक भाग त्यांच्या जन्मगावाशी निगडित आहे. व्यवसायाने मुंबईकर झाल्यानंतरही त्यांनी सासवण्याशी नाते तोडले नाही. तेथील घर ही त्यांची कार्यशाळाच झाली. या घरात त्यांनी गावातील माणसे आणि जनावरे शिल्पित केली. कोळीजीवनाचे दर्शन घडविणारी ‘मत्स्यगंधा’ आणि अंगणातील जिवंत भासणारी म्हैस ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. यांपैकी अनेक कामांसाठी त्यांनी सिमेंट काँक्रीटचा वापर केला.

सिमेंटची निवड ही केवळ काटकसर नव्हती. लोखंडी सळ्या व जाळीचा सांगाडा आणि त्यावर वाळू-सिमेंटचे मिश्रण एवढ्यावर हे माध्यम उभे राहते. त्याला भट्टी लागत नाही, गोदी लागत नाही, संस्थानिकही लागत नाही. शिल्पकाराला हवे तेव्हा, हवा तो विषय, मनाप्रमाणे घडविता येतो. ब्राँझमध्ये ज्याचा पुतळा होतो तो राजा, नेता किंवा धनिक असतो, कारण ब्राँझचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. गावातील कोळीण किंवा गोठ्यातील म्हैस यांच्यासाठी वर्गणी कोण गोळा करणार? सिमेंटने ही अडचण दूर केली. ज्यांचे स्मारक कधीच उभारले गेले नसते त्यांना या माध्यमामुळे पूर्णाकृती शिल्पात स्थान मिळाले. शरीररचनेचा जो अभ्यास मुंबई आणि लंडन येथे झाला होता, तोच येथे म्हशीच्या पाठीच्या कण्यासाठी आणि श्रमाने घट्ट झालेल्या हातांसाठी वापरला गेला.

येथे करमरकरांचा समाजही बदललेला दिसतो. गावकरी एकाच वेळी त्यांचे शेजारी, त्यांच्या शिल्पांचे विषय आणि पहिले प्रेक्षक होते. आपल्या परिचयाच्या माणसाचे शिल्प जमले की नाही हे सांगण्यासाठी त्यांना कलासमीक्षेची गरज नव्हती. अशा प्रेक्षकाची कसोटी प्रदर्शनाच्या परीक्षकाहून सोपी असते असे नव्हे. म्हैस कशी उभी राहते हे रोज पाहणाऱ्याच्या नजरेतून चूक सुटत नाही.

१३ जून १९६७ रोजी करमरकरांचे निधन झाले. त्यांच्या कुटुंबीयांनी सासवण्याचे घर संग्रहालयाच्या स्वरूपात जतन केले. सुमारे दीडशे शिल्पे तेथे आहेत. शिल्पे ज्या गावात घडली तेथेच ती पाहता येतात, हे या संग्रहालयाचे वैशिष्ट्य होय. मात्र जतनाचा प्रश्न सोपा नाही. प्लॅस्टर दमटपणा शोषून घेते. सिमेंटमधील लोखंडी सळ्यांना समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे गंज चढतो. गंजलेले लोखंड फुगते आणि बाहेरचा थर फुटतो. ब्राँझचा पुतळा शतकभर उघड्यावर उभा राहू शकतो. कोळणीचे सिमेंटमधील शिल्प सतत निगा मागते. ज्या माध्यमाने सामान्य माणसाला शिल्पात आणले तेच माध्यम टिकविण्यास अवघड आहे. राजाचे शिल्प धातूच्या बळावर टिकते, सामान्याचे शिल्प समाजाच्या काळजीवर टिकते.

मराठवाड्याच्या संदर्भात

या विवेचनाचा मराठवाड्याशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले राम सुतार (१९२५–२०२५) यांचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. सर जे. जे. स्कूलमधील शिक्षणानंतर त्यांनी पुरातत्त्व खात्यात काम करताना अजिंठा व वेरूळ येथील शिल्पांच्या डागडुजीत भाग घेतला. पुढे दिल्लीस जाऊन त्यांनी जी वाटचाल केली तिचा सर्वांत उंच टप्पा म्हणजे २०१८ मध्ये गुजरातमध्ये उभा राहिलेला १८२ मीटर उंचीचा सरदार पटेल यांचा पुतळा. आधुनिक भारतातील सर्वांत उंच पुतळ्याच्या शिल्पकाराचे हात एकेकाळी मराठवाड्यातील अनाम शिल्पींच्या कामावर फिरले होते. अनाम परंपरा आणि नामवंत शिल्पकार या दोन स्वतंत्र गोष्टी नसून त्यांच्यात देवाणघेवाण होत आली आहे, हे यावरून स्पष्ट होते.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या दृष्टीने यातून दोन बाबी संभवतात. पहिली म्हणजे नोंदीची. परिसरातील मूर्तिकार, पाथरवट, ओतारी आणि कुंभार यांची कामे, साधने व परिभाषा यांच्या नोंदी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून सहज होऊ शकतात. इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र या विभागांना एकत्र काम करण्यास हा विषय अनुकूल आहे. ओतकामातील एखादा शब्द वापरणारी शेवटची पिढी गेली की तो शब्द कोशातही सापडत नाही. दुसरी बाब गुणग्राहकतेची. कुलाब्याच्या कलेक्टरने जे केले ते आज ग्रामीण शिक्षकाला करता येण्यासारखे आहे. गणेशोत्सवात मूर्ती रंगविणारा किंवा बैलपोळ्याला मातीचे बैल करणारा विद्यार्थी वर्गात मागच्या बाकावर असू शकतो. त्याला कलाशिक्षणाची वाट दाखविण्यासाठी अधिकारपदाची नव्हे, नजरेची आवश्यकता आहे.

समारोप

करमरकरांच्या जीवनात घरची माती, शाळेतील प्लॅस्टर, गोदीतील ब्राँझ आणि अंगणातील सिमेंट असे चार टप्पे दिसतात. मातीने त्यांना परंपरा दिली, प्लॅस्टरने प्रेक्षक दिला, ब्राँझने कीर्ती दिली आणि सिमेंटने स्वातंत्र्य दिले. प्रत्येक टप्प्यावर त्यांच्याभोवती माणसांचे एक निराळे वर्तुळ होते आणि त्या वर्तुळावाचून ते शिल्प संभवले नसते. म्हणून शिल्पकाराचे चरित्र लिहिताना त्याच्या कृतींची यादी पुरेशी नाही. त्या कृतींसाठी कोण कोण एकत्र आले याचाही शोध घ्यावा लागतो. हाच न्याय निर्मितीनंतरच्या काळालाही लागू आहे. सासवण्याचे संग्रहालय कुटुंबीयांच्या निष्ठेवर उभे राहिले, वालूरची बारव ग्रामस्थांच्या श्रमाने मोकळी झाली. शिल्प घडविण्यास जसा समाज लागतो तसाच ते टिकविण्यासही लागतो, आणि हे दुसरे काम करण्यासाठी कोणी शिल्पकार असण्याची गरज नसते.